रकाने आणि माणसे

आमच्या शाळेत दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी वरून एक तक्ता येतो. पूर्वी तो कागदावर येई, आता संगणकावर येतो. तक्त्याचा स्वभाव मात्र फारसा बदललेला नाही. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आणि मग एक रकाना : घरी बोलली जाणारी भाषा. देगलूरच्या बाजूला आमचे गाव. तेलंगण हाकेच्या अंतरावर, कर्नाटकही फार लांब नाही. तेव्हा ह्या रकान्याशी आम्हां मास्तरांना इतरांपेक्षा जरा जास्त वेळ थांबावे लागते.

दोन वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात मी एकेक नाव घेऊन हा रकाना भरत होतो. एका मुलाला विचारले, "तू घरी कोणती भाषा बोलतोस रे?"

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कोनासंगं, सर?"

"कोणासंगं म्हणजे?"

"अव्वासंगं तेलुगू बोलतो. आईसंगं मराठी. अन् बापूसंगं गॅरेजवर गेलं की हिंदी."

(तो जिला हिंदी म्हणत होता ती आमच्याकडची दखनी. दिल्लीच्या माणसापुढे ती बोलली तर त्याला हसू येईल, आणि त्याचे ऐकून आमच्या गॅरेजवाल्याला.) वर्गातली मुले हसली. तक्त्यात जागा एकाच शब्दाची होती. मुलगा मराठी शाळेत येतो, म्हणून मी 'मराठी' भरले आणि पुढच्या नावाकडे वळलो. परंतु ते उत्तर काही मनातून जाईना. प्रश्न माझा होता. मुलाने तो दुरुस्त करून मला परत दिला होता आणि मी ती दुरुस्ती न वाचताच पुढे गेलो होतो.

ही गोष्ट तशीच विसरली गेली असती. पण गेल्या दिवाळीला माझी भाची आली. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत ती शिकली आणि आता पुण्यात संगणकावर आकडेमोडीचे काम करते. (आकडेमोड हा शब्द तिला आवडत नाही, ती 'डेटा' म्हणते.) मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. कादंबऱ्या लिहितो, आणि पोटासाठी एका लहानशा खासगी शाळेत शिकवतो. तेव्हा तिच्या कामातले मला कळावे तरी किती! तरीपण फराळाचे ताट बाजूला सारून मी तिला सहज विचारले, "घरची भाषा आणि मराठी वाचनाचे गुण, दोन्ही माझ्या वहीत आहेत. कोणत्या मुलाला वाचन किती जड जाईल हे तुझ्या यंत्राला आधी सांगता येईल का?"

"येईल ना," ती म्हणाली. "पण मामा, तेलुगू म्हणजे काय ते यंत्राला कळत नाही. त्याला आकडे द्यावे लागतात."

"मग देऊन टाक. मराठी एक, उर्दू दोन, तेलुगू तीन."

ती मोठ्याने हसली. "मग मराठी आणि तेलुगूची सरासरी काढली की उर्दू येईल की हो!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. भाषांना, जातींना, गावांना क्रमांक देता येतो, पण तो क्रमांक म्हणजे संख्या नव्हे. रस्त्यावरच्या घराला चौदा नंबर असतो, म्हणून ते सात नंबरच्या घराच्या दुप्पट मोठे नसते. यंत्राला हा विवेक नाही. तीन म्हटले की ते एकाच्या तिप्पट मानून चालते.

म्हणून हे लोक काय करतात, तर एका रकान्याचे अनेक रकाने करतात. उर्दू, कन्नड, तेलुगू, मराठी, लमाणी असे पाच रकाने आखायचे. प्रत्येक मुलापुढे ज्या भाषेचा रकाना त्याचा, तिथे एक लिहायचा आणि बाकी चारांत शून्य. होय किंवा नाही, तिसरी गोष्ट नाही. लातूरच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको. ज्या शहरात घरोघरी वैद्यकीय प्रवेशाची तयारी चालते तिथे चार गोलांपैकी एक गोल काळा करण्याची विद्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एक काळा, तीन पांढरे. तेच हे.

युक्ती तशी जुनी आहे. १८९०च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलरिथ नावाच्या गृहस्थांनी जाड कागदाची पत्रे वापरली. प्रत्येक उत्तराला पत्रावर एक ठरलेली जागा. उत्तर होय असेल तर तिथे भोक. यंत्रातली सुई भोकातून आरपार गेली की विजेचे मंडल पूर्ण होई आणि मोजणीचा काटा एक घर पुढे सरके. पुढे १९५७ साली डॅनियल सूट्स ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने अशा एक-शून्याच्या रकान्यांचा गणितात उपयोग कसा करावा ह्यावर एक निबंध लिहिला. ह्या रकान्यांना इंग्रजीत 'डमी' म्हणतात. आमच्याकडे डमी म्हणजे दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणारा. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तसंच आहे की! शब्दाच्या जागी आकडा परीक्षेला बसतो."

इथवर सारे सरळ होते. नंतर तिने एक गोष्ट केली आणि माझे खाणे थांबले. पाच रकान्यांपैकी एक तिने गाळून टाकला.

"का ग?"

"चार रकान्यांत शून्य असेल तर तो पाचवाच, हे उघड आहे ना, मामा? पाचही ठेवले तर तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं, आणि गणित अडतं."

कोणता रकाना गाळायचा हे तिने यंत्रावर सोडले होते. यंत्राने वर्णानुक्रमाने पहिला गाळला : उर्दू. त्यात कोणाचा द्वेष नव्हता, फक्त उ हे अक्षर आधी येते एवढेच. आता उरलेल्या चार भाषांपुढे यंत्राने जे आकडे दिले ते सारे 'उर्दूपेक्षा इतके कमी, इतके अधिक' असे. म्हणजे जी भाषा तक्त्यातून नाहीशी झाली तीच सर्वांची मोजपट्टी होऊन बसली. तिचा रकाना कुठेही नाही आणि तिच्यावाचून एकाही आकड्याला अर्थ नाही.

मला हे ओळखीचे वाटले. आपल्या समाजात ज्याच्यापासून बाकीच्यांचे अंतर मोजतात त्याला सहसा नाव नसते. 'बाईमाणूस डॉक्टर' असा शब्द आपण वापरतो, 'बुवामाणूस डॉक्टर' असा वापरत नाही. गावात वस्तीला नाव असते ते वेशीबाहेरच्या; वेशीच्या आत असते ते नुसते 'गाव'. ज्याला रकाना लागत नाही तो धनी, असे मी भाचीला म्हणालो.

"थांबा मामा," ती म्हणाली, "असं नेहमीच नसतं." आणि तिने माझ्या यादीतली एक ओळ दाखवली. वर्षाच्या मध्येच ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या एका मुलीची भाषा मी वहीत लिहिलीच नव्हती. जागा कोरी होती. यंत्राने तिच्यापुढे चारही रकान्यांत शून्य लिहिले होते. आणि वर्गातल्या सात उर्दू मुलांपुढेही चारही रकान्यांत शून्यच. जी मोजपट्टी आहे तिची ओळ, आणि जिला कोणी विचारलेच नाही तिची ओळ, ह्या दोन ओळींत कागदावर तिळमात्र फरक नव्हता.

हा विचार मला अजून सोडत नाही. सत्ताधीशाचे मौन आणि विसरलेल्या माणसाचे मौन तक्त्यात एकसारखे दिसते. ते वेगळे ओळखायचे तर तक्त्याबाहेरचे, ती मुलगी ऊसतोडीला गेली होती, हे कोणाला तरी आठवावे लागते.

मग मी विचारले की, आता हे रकाने मोडून पुन्हा शब्द करता येतील काय? भाची ज्या साधनाने काम करते, म्हणजे पायथॉन भाषेतले 'पांडाज', त्यात शब्दांचे रकाने करण्याची सोय पुष्कळ वर्षांपासून आहे. रकान्यांचे पुन्हा शब्द करण्याची तयार सोय त्यात आली ती २०२२ साली. जाण्याचा रस्ता आधी बांधला आणि येण्याचा इतक्या वर्षांनी! मधल्या काळात ज्याला परत यायचे त्याने आपली पायवाट आपण पाडावी.

परतताना तीन गोष्टी घडल्या. त्या घडल्या तशाच सांगतो.

पहिली : मी हट्टाने त्या गॅरेजवाल्याच्या मुलापुढे दोन रकान्यांत एक लिहायला लावला, तेलुगू आणि मराठी. (दखनीला रकानाच नव्हता.) यंत्राने परतीचे काम साफ नाकारले. एका ओळीत दोन एक आहेत, मला शब्द सांगता येत नाही, अशा अर्थाची तक्रार करून ते थांबले. मला जरा लाज वाटली. मी वर्गात अशाच ठिकाणी न अडखळता पुढे गेलो होतो.

दुसरी : तो हट्ट मागे घेतल्यावर यंत्र पुन्हा अडले. शून्यांच्या ओळींचे काय करू, त्यांना कोणते नाव देऊ, असा त्याचा प्रश्न होता. गाळलेल्या भाषेचे नाव त्याला आपण सांगावे लागते.

तिसरी : भाची चहा आणायला आत गेली होती. मी आपल्या शहाणपणाने त्या जागी तिच्याकडून शिकल्याप्रमाणे अक्षरे टाइप केली : मराठी. यंत्राने क्षणात काम उरकले. कुठलीही तक्रार नाही. माझ्या वर्गातली सातही उर्दू मुले मराठी होऊन परत आली, आणि ऊसतोडीची ती मुलगीही. तक्ता पूर्ण भरलेला, नीटनेटका, वर पाठवण्याजोगा. मूळ वही शेजारी उघडी होती म्हणून चूक कळली. वही नसती तर?

भाची म्हणाली, "म्हणून पहिला कागद फेकायचा नाही, मामा. आम्हांला हेच आधी शिकवतात."

हे नुसते संगणकाचे लचांड आहे असे मात्र समजू नये. २०११च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावे सांगितली ती १९,५६९ भरली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या आणि १,४७४ नावे 'इतर'मध्ये गेली. शेवटी १२१ भाषांत सर्वांची वर्गवारी झाली. त्या वर्गवारीत आमच्या किनवट-माहूर-मुखेडकडच्या तांड्यांवरची लमाणी बोली हिंदीच्या खाली मांडलेली आहे. तांड्यावरची म्हातारी 'गोरमाटी' बोलते. तिचा शब्द मोजणाऱ्याने लिहून घेतला असेल, पण बेरजेत ती हिंदी झाली. इतक्या मोठ्या देशाच्या बेरजा करायच्या तर कुठेतरी गठ्ठे बांधावेच लागतात, हे मी मान्य करतो. फक्त गठ्ठा सोडल्यावर आतले कागद वेगवेगळे निघाले पाहिजेत. मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३पासून आमच्याकडे निजामकाळच्या दप्तरांचे गठ्ठे सोडण्यात आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला. पणजोबाच्या नावापुढे कोण्या कारकुनाने कोणता शब्द लिहिला, ह्याची वाट पाहत घरेच्या घरे बसली. त्या वादात मी शिरत नाही. पण त्या कारकुनाला तरी कुठे ठाऊक होते की, आपला शब्द इतक्या वर्षांनी कोणी परत मागणार आहे!

परंतु रकान्यांतून परत येणे म्हणजे काय, हे मी संगणकाच्या फार आधी पाहिले होते. तेव्हा त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती पोचवून लोक थकून झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे खाली आली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद; जे घर उन्हाळ्यात गार राही तेच अंगावर आले. हजारो माणसे गेली. औसा तालुक्यातले माझ्या मावशीचे गाव त्यात होते. मावशी वाचली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. घरे कोणाला किती मोठी द्यायची? सरकारने नियम केला तो जमिनीवर. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एकाहून अधिक आणि सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. तीन रकाने. प्रत्येक कुटुंबापुढे एका रकान्यात होय आणि दोहोंत नाही. मी ह्या नियमाला नावे ठेवणार नाही. एवढ्या मोठ्या आकांतात काहीतरी मोजपट्टी नसती तर दांडग्यांनी सारे बळकावले असते. सात-बाराचा उतारा निदान सर्वांना सारखाच वाचता येतो.

पुढे त्या रकान्यांतून गावे परत उभी करायची वेळ आली. काही ठिकाणी लोकांनी जुना शेजार धरून ठेवला. पण कित्येक गावांत घरे रकान्यांप्रमाणेच बसली : लहान घरांच्या ओळी एकीकडे, मधली दुसरीकडे, मोठी तिसरीकडे. सरळ रुंद रस्ते, काटकोनात आखलेले. यादी बरोबर होती, गाव मात्र तो नव्हता. मावशीच्या जुन्या घराची एक भिंत शेजारच्या पाटलांच्या घराशी सामाईक होती. त्या भिंतीतल्या कोनाड्यातून विरजण, मीठ, बातम्या, भांडणे, सगळे इकडून तिकडे जात असे. पाटलांची जमीन वीस एकर, मावशीची दोन. नव्या गावात पाटील एका टोकाला आणि मावशी दुसऱ्या. ती म्हणे, "मीठ मागायला आता चप्पल घालून जावं लागतंय."

जमिनीच्या कागदात भिंत कोणाशी सामाईक आहे ह्याचा रकाना नव्हता. जे जाताना बरोबर घेतले नाही ते येताना कुठून निघणार?

इथे हा लेख संपवला असता तर तो दिवाळीच्या ताटात शोभला असता. मावशीचे दुःख खरे आहे, आणि जुन्या गावाची हळहळ वाटणे आपल्याला आवडतेही. पण काही वर्षांपूर्वी हीच गोष्ट मी लातूरला बसची वाट पाहताना एका माणसाला सांगितली. वयाने माझ्याएवढाच, अशाच एका नव्याने वसलेल्या गावचा. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुमच्या मावशीचा शेजार गेला, खरं हाय. आमचं घर जुन्या गावात वेशीबाहेर होतं, सर. नव्या गावात नंबर लागला तसं घर मिळालं. शेजारी दोन एकरवाले देशमुख. पहिलं वरीसभर बोलले नाहीत. मग त्यांच्या सुनेला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, अन् रिक्षा माझी होती."

एवढे बोलून तो बसमध्ये चढला. मी मात्र तिथेच राहिलो. माझी बस लागलेली मला दिसली नाही.

म्हणजे ज्याला मी मूळ शब्द समजून बसलो होतो, ते जुने गाव, तेही एक आखलेला तक्ताच होते. त्यातले रकाने जन्मावर पडत आणि एकाचे शून्य पिढ्यान्‌पिढ्या शून्यच राही. जमिनीच्या रकान्याने माझ्या मावशीचे एक नाते गाळले, आणि त्या माणसापुढचे एक शून्य पुसले. दोन्ही एकाच कागदाने केले. कोणते गाव परत यायला हवे होते, असे मला कोणी विचारले तर आज मी पटकन उत्तर देणार नाही. मावशीजवळ एक देईन, बसस्थानकावर दुसरे.

भाची दिवाळीनंतर पुण्याला गेली. जाताना तिने माझ्या यादीला पाचवा रकाना परत जोडून दिला आणि ऊसतोडीच्या मुलीसाठी सहावा, 'माहीत नाही' असा. गणिताला तो अडचणीचा आहे म्हणे, पण तिने तो ठेवला. मी माझ्यापुरती एक वेगळी वही केली. तिच्यात रकाने नाहीत. मुलाने जे उत्तर दिले ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, आणि तारीख घालायची. तिच्यात पहिले उत्तर त्या गॅरेजवाल्याच्या मुलाचे, आठवून लिहिलेले : कोनासंगं, सर?

यंदा जूनमध्ये पुन्हा तक्ता आला. तो मुलगा आता पाचवीत आहे. मी ह्या वेळी रकान्यावर बोट न ठेवता विचारले, "काय रे, अव्वासंगं तेलुगू, आईसंगं मराठी, गॅरेजवर हिंदी. असंच ना?"

"अव्वा वारली, सर. उन्हाळ्यात," तो म्हणाला. "आता घरात मराठीच."

मी तक्त्यात 'मराठी' लिहिले. वहीतही त्याचे हे उत्तर लिहून घेतले आणि तारीख घातली.